खुशालीची पत्रे : डार्विन घराण्याच्या पत्रसंग्रहाविषयी

'इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवावी' या मायन्याने सुरू होणारी पत्रे आपल्यापैकी बहुतेकांनी लिहिली आहेत, निदान वडिलांच्या सांगण्यावरून उतरवून तरी घेतली आहेत. अशा पत्रात काय असते? कोणाला ताप आला होता व तो उतरला, कोण पाहुणे येऊन गेले, कोणाचे लग्न ठरले, पावसाने काय नुकसान केले. या मजकुराला साहित्य म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही. पत्रवाङ्मय म्हटले की आपल्याला थोरामोठ्यांची विचारगर्भ पत्रे आठवतात. खुशालीची पत्रे मात्र तारेला टोचली जातात, काही वर्षांनी पिवळी पडतात आणि एखाद्या साफसफाईत नाहीशी होतात.

अशा नाहीशा होणाऱ्या पत्रांचेच दोन जाड खंड इंग्रजीत उपलब्ध आहेत. 'एमा डार्विन : कौटुंबिक पत्रांचे एक शतक' असे त्या ग्रंथाचे नाव मराठीत सांगता येईल. उत्क्रांतिवादाचा प्रणेता चार्ल्स डार्विन याच्या पत्नीच्या माहेरची व सासरची ही पत्रे तिची मुलगी हेन्‍रिएटा लिचफील्ड हिने संकलित केली. प्रथम १९०४ साली ती केवळ नातलगांसाठी केंब्रिजला छापली गेली आणि पुढे १९१५ साली लंडनच्या जॉन मरे यांनी ती सर्वांसाठी प्रसिद्ध केली. पत्रांचा काळ १७९२ ते १८९६ असा आहे. डार्विनचे नाव ऐकताच आपल्या ख्रिस्ती घरांत अजूनही किंचित अस्वस्थता पसरते. म्हणूनच या ग्रंथाचा परिचय आपल्या वाचकांना करून द्यावा असे मनात आले. त्यात उत्क्रांतिवादाची चर्चा जवळजवळ नाही. एक घर मात्र आहे, आणि त्या घराच्या मधोमध श्रद्धेविषयीची एक भेग आहे.

प्रथम नातेसंबंध पाहू. इंग्रजीतल्या 'कझिन' या एका शब्दाने जो गोंधळ होतो तो मराठीत होत नाही. एमा वेजवुड ही चार्ल्सच्या मामाची मुलगी. तिचा जन्म १८०८ साली स्टॅफर्डशायरमधील मेअर या गावच्या घरात झाला. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले जोसाया वेजवुड हे दोघांचे आजोबा : तिचे वडिलांकडून, त्याचे आईकडून. एमाच्या भावाने चार्ल्सच्या बहिणीशी १८३७ साली लग्न केले आणि १८३९ साली चार्ल्सने एमाशी. आपल्या भाषेत हे सरळ साटेलोटे झाले. एमाच्या आईला पुष्कळ बहिणी होत्या. वेल्समधील ॲलन घराण्याच्या या मावश्या म्हणजे पहिल्या खंडाचा आत्मा होय. त्यांपैकी जेसीमावशी स्विस इतिहासकार सिस्मोंदी यांना दिलेली होती. दुसरी, कॅथरिन ऊर्फ किटीमावशी, सर जेम्स मॅकिन्टॉश यांची पत्नी. हे नाव मुंबईकरांना परके वाटू नये. मॅकिन्टॉश १८०४ साली मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश, म्हणून आले आणि त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला त्यांनी लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन केली. आजची एशियाटिक सोसायटी ती हीच. त्यांची मुलगी फॅनी ही एमाची मावसबहीण, आणि एमाच्या हेन्स्ले नावाच्या भावाशी तिचे लग्न झाल्याने भावजयही. हिची आपल्याला पुढे गाठ पडणार आहे.

पहिल्या खंडातील पत्रे वाचताना प्रथम कंटाळा येतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एकाच नावाच्या तीन-तीन स्त्रिया, कोण कोणाकडे किती दिवस राहिली याचे हिशेब, गाडीच्या प्रवासाची हकिगत. पन्नासएक पाने गेल्यावर मात्र कान तयार होतो आणि या बायकांचे आवाज वेगवेगळे ऐकू येऊ लागतात. त्या काळी टपालाचा खर्च पत्र घेणाऱ्याला सोसावा लागे आणि तो भारी असे. कागद वाचावा म्हणून लिहिलेल्या ओळींवरून आडव्या ओळी लिहिण्याची पद्धत होती. १० जानेवारी १८४० पासून एक पेनीत देशात कुठेही पत्र जाऊ लागले आणि खुशालीचे पत्र ही रोजची गोष्ट बनली. आपल्या पोस्टकार्डाने आपल्या घरांसाठी जे केले, तेच पेनीच्या तिकिटाने त्या घरांसाठी केले.

चार्ल्स व एमा १८४२ साली लंडन सोडून केंट परगण्यातील डाऊन या खेड्यात राहायला गेले आणि चार्ल्सच्या मृत्यूपर्यंत तेथेच राहिले. त्यांना दहा अपत्ये झाली, सात जगली. घरची दिनचर्या घड्याळासारखी होती. सकाळचे पहिले काम आटोपून साडेनऊला चार्ल्स दिवाणखान्यात येई आणि कोचावर पडून घरची पत्रे मोठ्याने वाचलेली ऐके. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ही पत्रे एकट्याने वाचायची नव्हतीच. ती घरात सर्वांसमक्ष वाचली जात, पुढच्या घरी धाडली जात. लिहिणारीला हे ठाऊक असे. म्हणून तिच्या लिहिण्यात बैठकीतल्या गप्पांचा सूर उतरला आहे. आपल्याकडे परगावच्या मुलाचे पत्र आले की ओटीवर शेजारीपाजारी जमत. त्या वाचनाची आठवण असलेल्यांना हा सूर लगेच ओळखता येईल.

पाहुण्यांच्या येण्याजाण्याविषयी या पत्रांत जे आहे, ते वरवर पाहता नुसती जंत्री वाटते. चार्ल्स सतत आजारी. लांबलेल्या गप्पांनीही त्याला रात्रभर त्रास होई. तेव्हा कोणाला कधी बोलवायचे व बैठक कधी मोडायची हे एमाला ठरवावे लागे. तरीही तिचे दार बंद झाले नाही. शास्त्रज्ञ टॉमस हक्स्ली यांचा चार वर्षांचाही न झालेला मुलगा १८६० च्या सप्टेंबरात स्कार्लेट तापाने गेला. त्यांची पत्नी खचून गेली. एमाने तिला मुलांसह डाऊनला येऊन राहण्याचा आग्रह केला. आपली प्रकृती बरी नाही, असे तिने कळविले, तेव्हा प्रकृती बरी नाही म्हणूनच यायचे, असे एमाचे उत्तर गेले. १८६१ च्या वसंतात ती माता आपली तीन लहान मुले घेऊन पंधरा दिवस तेथे राहिली. एमाचे शेवटचे मूल, दीड वर्षाचा चार्ल्स वॉरिंग, १८५८ साली याच तापाने गेले होते, हे आपण ध्यानात घेतले म्हणजे एका साध्या भेटीचा अर्थ उलगडतो. सांत्वनाचे शब्द तेथे बोलले गेले की नाही कोण जाणे. बोलावणे मात्र गेले होते.

आता त्या भेगेविषयी. वेजवुड घराणे त्रैक्याचा सिद्धांत न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाकडे झुकलेले होते. डाऊनच्या अँग्लिकन चर्चमध्ये एमा मुलांना घेऊन जात असे, परंतु विश्वासाच्या अंगीकाराच्या वेळी सारी मंडळी वेदीकडे वळली तरी हे कुटुंब वळत नसे. म्हणजे तिची श्रद्धा आपल्या श्रद्धेहून वेगळी होती. पण ती वरवरची नव्हती. १८३२ साली तिची पाठची-पोटची म्हणावी अशी बहीण फॅनी सव्विसाव्या वर्षी वारली. स्वर्गात तिची पुन्हा भेट होईल या आशेवर एमाने ते दुःख सोसले. १८३८ साली लग्न ठरल्यावर आपल्या मनातील शंका चार्ल्सने तिच्यापासून लपविल्या नाहीत. तेव्हा तिने त्याच्याकडे एकच मागणे केले : संत योहानाच्या शुभवर्तमानातील, तेराव्या अध्यायाच्या अखेरीस सुरू होणारे, प्रभूचे शिष्यांना उद्देशून केलेले निरोपाचे भाषण त्याने वाचावे.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी, १८३९ च्या सुरुवातीस, तिने त्याला एक पत्र लिहिले. दोघे एकाच घरात असताना लिहिलेले हे पत्र, कारण तोंडाने बोलताना आपल्याला नीट सांगता येणार नाही अशी तिला भीती होती. सिद्ध झाल्यावाचून काहीच मान्य करायचे नाही ही शास्त्राची सवय, ज्या गोष्टी तशा सिद्ध होऊच शकत नाहीत त्यांनाही तो लावत नाही ना, असे तिने विचारले. आपण दोघे अनंतकाळासाठी एकमेकांचे नाही असे वाटले तर मला फार दुःख होईल, असे लिहिले. उत्तराची तिने अपेक्षा ठेवली नाही. चार्ल्सने ते पत्र आयुष्यभर जपले आणि त्याच्या खाली दोन ओळी लिहून ठेवल्या. मी मेल्यावर तुला कळावे की हे पत्र मी अनेकदा चुंबिले व त्यावर रडलो, असा त्यांचा आशय आहे. १८६१ साली तिने त्याला पुन्हा असेच एक पत्र लिहिले.

समीक्षक या पत्राकडे धावतात, त्याचे उतारे देतात आणि बाकीचा संग्रह मिटून ठेवतात. माझा मतभेद येथे आहे. हे एक पत्र थोर आहे. पण त्रेचाळीस वर्षांचा संसार या एका पत्रावर चालला नाही. भोवतीच्या शेकडो खुशालीच्या पत्रांवर तो चालला. भेग बुजली नाही. बुजविण्याचा हट्ट दोघांनीही धरला नाही. तिच्यावरून रोज ये-जा मात्र चालू राहिली. एमा रोज संध्याकाळी नवऱ्याशी बॅकगॅमनचे दोन डाव खेळे. १८७६ साली चार्ल्सने अमेरिकेतील एका वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला मोठ्या ऐटीत कळविले की बायकोने २४९० डाव जिंकले आणि आपण २७९५. अशा आकड्यांना काय अर्थ, असे कोणी विचारील. एखाद्या संसारातले संध्याकाळचे ५२८५ डाव कोणीतरी मोजून ठेवावेत, याला मी तरी अर्थ आहे असे म्हणेन.

खुशालीच्या पत्राची खरी कसोटी १८५१ साली लागली. दहा वर्षांची ॲनी, त्यांची थोरली मुलगी, आजारी पडली. मार्चमध्ये चार्ल्सने तिला माल्व्हर्न येथे डॉक्टर गली यांच्या जलोपचारासाठी नेले. एप्रिलमध्ये तिची प्रकृती बिघडल्याची वार्ता आली आणि तो धावत गेला. तो दिवस १७ एप्रिल होता, आज्ञागुरुवार. एमा जाऊ शकत नव्हती. तिचे दिवस भरत आले होते. १३ मे रोजी तिला मुलगा झाला. माल्व्हर्नला मदतीस धावून गेली ती फॅनी, मुंबईच्या त्या न्यायाधीशांची मुलगी.

मग नवराबायकोंमध्ये रोज, कधी दिवसातून अनेकदा, पत्रे सुरू झाली. चार्ल्सच्या पत्रांत काय आहे? नाडी कशी चालली आहे, पेज किती चमचे पोटात राहिली, व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याने अंग पुसल्यावर तिला कसे वाटले, पाणी दिल्यावर तिने किती मृदू शब्दांत आभार मानले. देवाविषयी वाद नाही, तत्त्वचिंतन नाही, अलंकार नाही. मायन्याखाली लिहायची ती खुशालीच, पण आता प्रत्येक चमच्याला वजन आले आहे. पत्र पोहोचायला सुमारे एक दिवस लागे. आशा वाटावी असे काही एमा वाचत असे, तेव्हा माल्व्हर्नला कदाचित ती आशा मावळलेली असे. शुभ शुक्रवार गेला, पुनरुत्थानाचा रविवार गेला. बुधवारी, २३ एप्रिलला, दुपारी बाराच्या सुमारास ॲनी गेली. एमा आपल्या छोट्या रोजनिशीत एरवीही चार शब्दांपलीकडे लिहीत नसे. त्या दिवशी तिने केवळ वेळ नोंदवली : बारा.

या ग्रंथातील सर्वांत मोठे वाक्य कोणते, असे मला विचारले तर मी त्या वेळेकडे बोट दाखवीन. जिला दुःख शब्दांत मांडायची सवय नाही, तिच्या हातात रोजच्या नोंदीचा एक साचा होता. त्याच साच्यात तिने ते ठेवले. ॲनीला माल्व्हर्नच्या प्रायरी चर्चच्या आवारात पुरले. आईला त्या दुःखातून कधीच पुरते बाहेर येता आले नाही व ती ॲनीविषयी क्वचितच बोले, असे हेन्‍रिएटा सांगते. मात्र ॲनीच्या लेखनाच्या पेटीत तिच्या काही वस्तू एमाने जपून ठेवल्या. त्या पेटीवरून रँडल केन्स या वंशजाने २००१ साली एक सुंदर पुस्तक लिहिले.

संपादिका म्हणून हेन्‍रिएटाची कामगिरी तपासली पाहिजे. टीपा तिने आटोपशीर दिल्या आहेत. कुळाची माहिती नेमकी आहे. १८७१ साली तिचे लग्न झाल्यावर एमा तिला जवळजवळ रोज पत्र लिहू लागली. दुसऱ्या खंडाच्या उत्तरार्धाला त्यामुळे माहेरच्या पत्रांची ऊब आली आहे. परंतु मुलगी संपादिका झाली की आईच्या चेहऱ्यावरील काही सुरकुत्या पुसल्या जाणारच. चुलीशी, न्हाणीघराशी, गोठ्याशी राबणारी माणसे या संग्रहात येतात, पण कडेकडेने. पार्स्लो नावाचा बटलर पस्तीसएक वर्षे त्या घरात होता. त्याची खुशाली कोणी विचारली असेल, पण त्याने स्वतः घरी काय कळविले ते आपल्याला दिसत नाही. मातीची भांडी व शेअर यांतून येणारा पैसा हे घर उभे करीत होता, हेही वाचकाने विसरू नये. निवांतपणे पत्रे लिहायला निवांतपणा लागतो आणि तो कोणाच्या तरी श्रमातून येतो.

वगळण्याची वृत्ती त्या घराला नवी नव्हती. चार्ल्सचे आत्मचरित्र १८८७ साली त्याचा मुलगा फ्रान्सिस याने प्रसिद्ध केले तेव्हा धर्माविषयीचा काही मजकूर एमाच्या इच्छेस मान देऊन गाळला गेला. १९५८ साली नात नोरा बार्लो हिने तो परत घातला. एमाचे मन समजण्यासारखे आहे. नवऱ्याचे कठोर शब्द त्याच्यावर प्रेम करणाऱ्या श्रद्धावंत माणसांना दुखवतील, अशी तिला भीती होती. तरीही वाचक म्हणून आपण नोराचे ऋणी आहोत. प्रेमाने झाकलेले सत्यही शेवटी उघडे झालेलेच बरे.

आणि याच ठिकाणी हा ग्रंथ आपल्या, म्हणजे ख्रिस्ती वाचकांच्या, दाराशी येऊन उभा राहतो. १९१५ साली, म्हणजे हा ग्रंथ बाजारात आला त्याच वर्षी, लेडी होप नावाच्या बाईंची एक कथा अमेरिकेतील एका धार्मिक नियतकालिकात छापून आली. आयुष्याच्या अखेरीस डार्विन बायबल वाचीत होता व आपल्या सिद्धांताविषयी खंत करीत होता, असे त्या कथेत होते. ती पुढे देशोदेशी पसरली. प्रवचनांतून, पत्रकांतून अनेकांनी ती ऐकली असेल. १९२२ साली हेन्‍रिएटाने जाहीर उत्तर दिले : वडिलांच्या मृत्युशय्येशी मी होते, त्या शेवटच्या आजारात ही बाई तेथे नव्हती, आणि वडिलांनी आपले कोणतेही शास्त्रीय मत मागे घेतले नाही.

ही कथा आपल्याला का आवडते, याचा विचार मी अनेकदा केला आहे. तिच्यात भेग एका भेटीत बुजते. एक पाहुणी येते, खिडकीशी बायबल उघडे असते, सारे गोड होते. एमाच्या पत्रांत अशी भेट नाही. तेथे एक स्त्री त्रेचाळीस वर्षे आपली श्रद्धा सांभाळते, आणि जो माणूस तिच्या श्रद्धेत सहभागी होऊ शकत नाही त्याचे अंथरूण, पाहुणे आणि बॅकगॅमनचा पटही सांभाळते. तिने गोरगरिबांना औषध दिले, अन्न पोहोचविले. त्या गावच्या कोळसा व कपड्यांच्या मदतनिधीचा हिशेब चर्चला न जाणारा तिचा नवरा ठेवीत होता. श्रद्धेचा विजय दाखविण्यासाठी खोट्या भेटीची गरज पडावी, हे श्रद्धेला कमीपणा आणणारे आहे. खरी गोष्ट अधिक अवघड आहे, आणि म्हणूनच अधिक उपयोगाची. कारण आपल्या धर्मग्रामांतही अशी घरे आहेत. रविवारी मिस्साला एकटी येणारी पत्नी आपण पाहतो, आणि चर्चपासून दुरावलेल्या मुलाला दर आठवड्याला खुशाली विचारणारी आईही. व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले. त्या सभेत सगळेच एका सुरात प्रार्थना करतात असे नाही. एमाने आपल्या घरी प्रार्थनेइतकीच आणखी एक गोष्ट चालू ठेवली : बोलणे.

चार्ल्स १८८२ साली १९ एप्रिलला डाऊनच्या घरी वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले तेव्हा एमा लंडनला गेली नाही. पुढची चौदा वर्षे ती हिवाळा केंब्रिजला व उन्हाळा डाऊनला घालवीत राहिली आणि पत्रे लिहीत राहिली. नातवंडांची दुखणी, बागेतली फुले, वाचलेल्या कादंबऱ्या, आलेगेले पाहुणे. २ ऑक्टोबर १८९६ रोजी ती गेली, आणि शतकाची पत्रे संपली.

डार्विनचा स्वतःचा पत्रव्यवहार केंब्रिज विद्यापीठाने १९८५ ते २०२३ या काळात तीस खंडांत छापून पुरा केला. विद्वानांना तेथे पुष्कळ सापडेल. सामान्य वाचकाने मात्र हे दोन जुने खंड वाचावेत. सुरुवातीच्या पन्नास पानांचा कंटाळा सोसावा. आणि मग घरातील जुन्या ट्रंकेतली पत्रे फेकून देण्यापूर्वी एकदा बाहेर काढून बसावे. कोणाचा ताप उतरला, कोण येऊन गेले, एवढेच त्यात असेल. कदाचित एखाद्या कागदाच्या कोपऱ्यात केवळ एक तारीख, एक वेळ लिहिलेली सापडेल, आणि ती का लिहिली हे सांगू शकणारे माणूस घरात अजून असेल. त्याला विचारून घ्यावे.